चांदी गंजत नाही

हुपरीत वाढलेल्या माणसाला 'ऑक्सिडाइज्ड' हा शब्द शाळेत शिकावा लागत नाही. पैंजण, छुमछुम, करदोडे, जोडवी यांच्या कामावर आमचं गाव चालतं, त्यामुळे पांढरी चांदी आणि मुद्दाम काळपट केलेली 'ऑक्सिडाइज्ड' चांदी यातला फरक इथली शाळकरी पोरंही सांगतात. या शब्दात एक गोम आहे, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. चांदी काळी पडते ती ऑक्सिजनमुळे नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. नक्षी उठून दिसावी म्हणून कारागीर जो काळेपणा आणतात, तोही बहुतेक वेळा गंधकाचाच असतो. (रसायनशास्त्रवाले म्हणतील, इलेक्ट्रॉन गेले म्हणजे ऑक्सिडेशन झालंच. मान्य. पण तो गंज नव्हे.) लोखंड गंजून भुगा होतं, चांदीचं तसं होत नाही.

दागिन्यांच्या धंद्यात शब्द थोडा चुकला तरी कुणाचं नुकसान होत नाही. पण हाच शब्द, 'गंज' या अर्थासकट, सध्या औषधाच्या दुकानात विकला जातोय, आणि तिथे पैसे जातात ते भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे.

हुपरी–रेंदाळ रस्त्यावर पहाटे पळायला जाल तर ही पोरं भेटतील. पोलीस भरती, सैन्य भरती. दोन्हीकडे मुलांना १६०० मीटर पळायचं असतं आणि एकेका सेकंदावर मार्क अवलंबून असतात. काही जण आता हाफ मॅरेथॉनलाही नाव घालतात. पळून झालं की बाटलीतल्या पाण्यात नारिंगी रंगाची फसफसणारी गोळी पडते, १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. सोबत हिरवी कॅप्सूल, व्हिटॅमिन ई ४००. कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "दादा, पळल्यावर बॉडीत ऑक्सिडेशन हुतंय, त्यानं अंग गंजतंय. ह्या गोळीनं रिकव्हरी फास्ट हुती."

हे उत्तर या पोरांनी तयार केलेलं नाही. ते तयार व्हायला साधारण ९० वर्षं लागली आहेत. ती गोष्ट मला सांगायची आहे, कारण तिच्या मध्यावर एक वाक्य आहे जे कुणी नीट वाचलं नाही.

सुरुवात मिरचीपासून. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला एक साधा प्रश्न पडला होता. चिरलेलं सफरचंद, केळं, बटाटा हवेत ठेवला की काळा पडतो, लिंबू-संत्रं मात्र पडत नाही, असं का? आपल्या स्वयंपाकघरात वांगं चिरलं की लगेच पाण्यात टाकतात, त्यामागचाच हा प्रश्न. लिंबाच्या रसातलं काहीतरी हे काळं पडणं लांबवतं, हे त्याच्या लक्षात आलं. १९२८ साली त्याने असा एक पदार्थ वेगळा केला. तो नेमका काय आहे हे माहीत नसल्याने त्याने आधी नाव सुचवलं 'इग्नोज', म्हणजे अज्ञानातून आलेली साखर. संपादकाने ते नाकारल्यावर दुसरं नाव दिलं 'गॉडनोज', देव जाणे. तेही नाकारलं गेलं. शेवटी 'हेक्झुरॉनिक ॲसिड' या कंटाळवाण्या नावावर भागलं. हेच व्हिटॅमिन सी. पण प्रयोगाला पुरेल एवढं ते मिळेना. मग १९३२ मध्ये सेगेद या गावी, रात्रीच्या जेवणात पानात आलेली ताजी पाप्रिका मिरची खायची नव्हती म्हणून तो ती प्रयोगशाळेत घेऊन गेला, आणि मध्यरात्रीपर्यंत त्याला कळलं की आपल्या हाती खजिना लागलाय. काही आठवड्यांत मिरच्यांपासून किलोंच्या मापात व्हिटॅमिन सी निघालं. १९३७ साली त्याला नोबेल मिळालं. मिरचीतून नोबेल, ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यात कुणी सांगत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द मात्र स्वयंपाकघरातला नाही, तो कारखान्यातला. रबर हवेत राहिलं की तडकतं, पेट्रोल साठवलं की त्यात चिकट गाळ होतो. हे थांबवायला ज्या रसायनांची भर घालतात, ती अँटिऑक्सिडंट. डेनहॅम हार्मन हा माणूस याच जगातून आला. तो शेल या तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होता, मग नोकरी सोडून डॉक्टर झाला. १९५६ साली त्याने मांडलं, की म्हातारपण म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या फ्री रॅडिकल्सनी केलेली झीज आहे. एक इलेक्ट्रॉन सुटा असलेले हे रेणू समोर येईल त्याच्याशी झटापट करतात. रबर म्हातारं होतं तसा माणूसही होतो, आणि रबर वाचतं तसा माणूसही वाचवता येईल. कल्पना देखणी होती, शिवाय सोपी. 'शरीराला गंज चढतो' हे वाक्य तिथून फार लांब नव्हतं.

१९६९ मध्ये मकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं, की सुपरऑक्साइड नावाच्या रॅडिकलला निकामी करणारं विकर शरीरात आधीपासूनच आहे. एवढी जुनी आणि सर्वत्र पसरलेली संरक्षणव्यवस्था शरीर बाळगतं, म्हणजे धोका खराच असणार, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंगचं व्हिटॅमिन सी आणि सर्दीवरचं पुस्तक आलं, आणि मोठ्या डोसची गोळी घराघरात गेली.

आता पळण्याकडे येऊ. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसांना तासभर व्यायाम करायला लावून त्यांचा उच्छ्वास तपासला. त्यात पेंटेन हा वायू जवळजवळ दुप्पट झाला होता. शरीरातल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडेशन झालं की पेंटेन निघतो. व्हिटॅमिन ई दिलं की तो कमी व्हायचा. मग १९८२ साली बर्कलीत केल्विन डेव्हिस, लेस्टर पॅकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दमून पडेपर्यंत पळवलं आणि त्यांच्या स्नायूंत फ्री रॅडिकल्स थेट मोजले. ते दोन ते तीन पट वाढले होते. व्हिटॅमिन ई-ची उणीव असलेले उंदीर इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पळू शकले.

पुरावा पूर्ण झाला, असं जगाला वाटलं. व्यायामाने रॅडिकल्स वाढतात, व्हिटॅमिन कमी पडलं तर दम कमी पडतो, म्हणजे व्हिटॅमिन जास्त घ्या.

पण त्याच निबंधात लेखकांनी आणखी एक शक्यता मांडली होती. व्यायामात तयार होणारे हे रॅडिकल्स आणि त्यांनी केलेली इजा, हीच कदाचित स्नायूंमध्ये नवी मायटोकॉन्ड्रिया तयार होण्याची प्रेरणा असेल. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतल्या भट्ट्या, अन्न आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा करणाऱ्या. महिनोन्‌महिने पळणाऱ्या माणसाचा दम वाढतो तो बराचसा या भट्ट्या वाढल्यामुळे. म्हणजे ज्याला आपण गंज म्हणतोय, तो निरोप असू शकतो, 'इथे काम वाढलंय, भट्ट्या वाढवा' असा. निबंधाचा पहिला अर्थ बाटलीत भरता येण्यासारखा होता. दुसरा नव्हता. तो जवळपास २५ वर्षं तसाच पडून राहिला.

माझ्या मते सगळी गफलत इथे आहे. उणीव भरून काढणं आणि पुरेसं असताना आणखी ओतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उणीव काय करते हे आपल्या इतिहासात नोंदलेलं आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात इराकमध्ये कुट-अल-अमारा इथे तुर्की फौजेने इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढलं होतं. त्यात मराठा पलटणी होत्या, १०३वी, ११०वी, ११७वी. ताज्या भाज्या संपल्या. घोडे कापायची वेळ आली, तेव्हा बऱ्याच हिंदी सैनिकांनी धर्मामुळे आणि घरच्या लाजेमुळे ते मांस खायला बराच काळ नकार दिला. ताज्या मांसात थोडं व्हिटॅमिन सी असतं. ते खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना स्कर्व्ही जवळपास झाला नाही, हिंदी शिपायांना झाला: हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात, चालण्याचं बळ राहिलं नाही. तेव्हा व्हिटॅमिन सी वेगळं करायलाही कुणाला जमलेलं नव्हतं. त्या खंदकात रोज एक लिंबू मिळालं असतं तरी पुरलं असतं. पण रेंदाळच्या रस्त्यावर पळणारं पोर कुटच्या खंदकात नाही. त्याच्या घरी पेरू आहे, लिंबू आहे, हिरवी मिरची आहे, हंगामात आवळा आहे.

जास्तीचा पहिला मोठा झटका पळण्याच्या क्षेत्राबाहेरून आला. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं गेलं. कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त.

मग व्यायामाची पाळी आली. २००८ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मारी कार्मेन गोमेझ-काब्रेरा आणि सहकाऱ्यांनी रोज १ ग्रॅम व्हिटॅमिन सी देऊन आठ आठवडे सराव घेतला. उंदरांमध्ये फरक ठळक होता. व्हिटॅमिन मिळालेल्यांचा दम सरावाने फारसा वाढला नाही आणि नवी मायटोकॉन्ड्रिया घडवण्याच्या खुणाही कमी दिसल्या. माणसं फक्त १४ होती, म्हणून त्यांच्या आकड्यांवर मी भर देणार नाही. पण पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या येना इथून मिखाएल रिस्तोव यांचा निबंध आला. रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई, चार आठवडे व्यायाम, ३९ तरुण पुरुष. म्हणजे जवळपास तीच नारिंगी गोळी आणि तीच हिरवी कॅप्सूल! व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागतं, हा त्याचा मोठा फायदा. गोळ्या न घेणाऱ्यांना तो मिळाला, घेणाऱ्यांना नाही. आणखी गंमत अशी, की शरीराची स्वतःची संरक्षक विकरं, मकॉर्ड आणि फ्रिडोविचला सापडलेल्या विकरासह, गोळ्या न घेणाऱ्यांतच वाढली. बाहेरून पहारेकरी आला म्हटल्यावर घरच्यांनी दाराला कडी लावणं सोडलं.

माझ्या कामात याला लॉग बंद करणं म्हणतील. सर्व्हरवर ताण आला की इशारे येतात, ते पाहून यंत्रणा आणखी मशीन जोडते. इशारे दाबून टाकले तर स्क्रीन शांत दिसते, मशीन मात्र वाढत नाहीत. उपमा इथेच सोडतो, कारण शरीर सर्व्हरपेक्षा फार गुंतागुंतीचं आहे आणि २०१४ च्या ऑस्लोतल्या प्रयोगाने तेही दाखवलं. गोरान पॉल्सेन आणि सहकाऱ्यांनी ५४ जणांना ११ आठवडे सराव दिला. मायटोकॉन्ड्रियाच्या खुणा गोळी न घेणाऱ्यांतच वाढल्या, पण पळण्याची चाचणी दोन्ही गटांनी सारखीच सुधारली. म्हणजे गोळीने दम घटतो, असं छातीठोक म्हणता येत नाही. पैसे देऊन काही मिळतं, असंही म्हणता येत नाही. सराव करून स्नायूत जे घडायला हवं त्यात मात्र ती खोडा घालते, एवढं बऱ्यापैकी दिसतं. हुपरीचा कारागीर दागिना उजळताना घट धरतो, कारण काळेपणाबरोबर थोडी चांदीही निघते. या गोळीच्या पाकिटावर घट लिहिलेली नसते.

इथे कुणीतरी म्हणणारच, मग आमच्या पैलवानांचा खुराक? बदामाची थंडाई, दूध, तूप, फळं? बदामात व्हिटॅमिन ई असतं, म्हणजे तालमीतही अँटिऑक्सिडंटच की. हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम बदामात साधारण २५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई. ४०० युनिटची कॅप्सूल, नैसर्गिक की कृत्रिम त्यानुसार, म्हणजे पाऊण ते एक किलो बदाम. रोज. १००० मिलिग्रॅम सी म्हणजे मोसमातली १२-१५ संत्री. गंगावेश किंवा मोतीबागेतला कुठलाही वस्ताद एवढा खुराक कुणाला लावणार नाही. खुराक हा उणीव राहू नये यासाठी असतो आणि त्यात कॅलरी, प्रथिनं असं बाकीचंही बरंच असतं. शिवाय तालमीत अंग दुखण्याकडे बघण्याची रीतच वेगळी. नव्या पोराने पहिल्या आठवड्यात जोर-बैठकांनी मांड्या भरून आल्याची तक्रार केली, तर वस्ताद मालीश करायला सांगतो, झोपायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत बोलावतो. मांड्या भरून येणं हा तिथे आजार मानत नाहीत.

या दुखण्यावरही गोळीचा उपयोग किती, हे २०१७ साली कॉक्रेनच्या आढाव्याने तपासलं. ५० चाचण्या, १०८९ माणसं. व्यायामानंतरच्या स्नायूदुखीत अँटिऑक्सिडंट्सनी पडणारा फरक इतका लहान निघाला, की घेणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

गोळीच्या बाजूने एक खरी गोष्टही आहे आणि ती लपवणं बरं नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स ही शर्यत होते. महाराष्ट्रातूनही पळणारे तिथे जातात. १९९३ साली छापलेल्या अभ्यासात, शर्यतीआधी तीन आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना शर्यतीनंतर सर्दी-घशाचा त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांना. मॅरेथॉनपटू, बर्फात सराव करणारे सैनिक आणि स्कीपटू अशा ५९८ जणांच्या पाच चाचण्या एकत्र केल्यावरही सर्दीचं प्रमाण निम्मं दिसलं. पण ही सर्दीची गोष्ट आहे, स्नायूच्या रिकव्हरीची नाही. आणि ती ९० किलोमीटर पळणाऱ्याची किंवा बर्फातल्या सैनिकाची आहे, १६०० मीटरवाल्याची नाही.

'रिकव्हरी' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक, उद्यापर्यंत पुन्हा आजच्यासारखं होणं. दुसरी, महिन्याभरात आजच्यापेक्षा तगडं होणं. सरावात दुसरी हवी असते, आणि तिच्यासाठी थोडी झीज, थोडी दुखापत शरीराला कळावी लागते. पहिली हवी असते ती स्पर्धेच्या दिवशी. तिचं सगळ्यात करुण मराठी उदाहरण १९५२ चं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर ७००० रुपयांना गहाण टाकलं. तिथे बँटमवेटमध्ये जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत त्यांनी एका गुणाने गमावली. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला उभं केलं गेलं. हरकत घ्यायला कुणी भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

भरतीची पोरं हल्ली मला विचारतात, मग ग्राउंडच्या दिवशी काय घ्यायचं? मी त्यांना हा अर्धा तास सांगतो. खाशाबांना त्या दिवशी कमी पडलेली वस्तू कुठल्याही पाकिटात मिळत नव्हती. एका पोराने मग हिशेब मांडला. दोन्ही गोळ्यांचे महिन्याचे पैसे वाचवले तर रोज अर्धा लिटर दूध, दोन अंडी आणि वर थोडे शेंगदाणे यांना बराचसा हातभार लागतो. "पण दादा," तो म्हणाला, "दुधाची बाटली काय फसफसत नाही."